सात बोळांच्या पाण्याची वेळ

इसूफभाईनं एकतीस वर्षं सोलापूरच्या सात बोळांत पाण्याची चावी फिरवली. लांबलचक लोखंडी चावी सायकलला आडवी बांधायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, फेरे दिले की नळाला पाणी. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात अशा माणसाला जावयाचा मान असतो, बाहेरच्याला ते कळायचं नाही. लग्नाची तारीख धरताना लोक भटजी-काझीच्या आधी इसूफभाईला विचारायचे.

पण वेळ घरोघर पोचवायची ती शिवाक्का. शिवबाई तिचं नाव. शेवटच्या बोळात एकटी राहायची, विड्या वळायची. इसूफभाई चावी फिरवायच्या तासभर आधी तिला फोन करायचा, आणि ती एकोणीस घरांना मिस कॉल द्यायची. एक रिंग म्हणजे पाणी येतंय, दोन म्हणजे आज नाही. त्या घरांनी शेजाऱ्यांना हाक मारायची. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, एकोणीसच्या एकोणीस नंबर तिच्या बोटांत होते. मांडीवरचं विड्यांचं सूप न हलवता ती बटणं दाबत जायची, डावीकडून खाली, मग मधलं, मग परत वर. बारा वर्षांत एक घर चुकलं नाही.

रिटायर झाल्यावरही इसूफभाईला वेळ आधी कळायची, कारण त्याच्या जागी आलेला धुळा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. इथवर सगळं झकास होतं. पण सुखाचा जीव दुःखात घालायची माणसाला हौसच लई. इसूफभाईनं फोनवर एक जाहिरात बघितली: वेबसाइट ठेवायला जागा, सगळ्यांत स्वस्त, जागा अनलिमिटेड, बघणारेही अनलिमिटेड. झालं, स्वारीनं ठरवलं की सात बोळांच्या पाण्याची वेबसाइट काढायची. व्हॉट्सॲप नको, तिथं गुलाबाच्या फुलांखाली पाण्याची वेळ बुडून जाते, असं त्याचं म्हणणं.

त्याची मुलगी हुस्ना गावातच जुळे सोलापूर भागात राहते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वेबसाइटचं पान तिनंच करून दिलं. पण जागा घेताना म्हणाली होती, "अब्बा, सगळंच अमर्याद देतो म्हणणाऱ्यांची खालची बारीक अक्षरं वाचावीत." अब्बांनी चष्मा शोधायचीसुद्धा तसदी घेतली नाही. एवढा स्वस्त सौदा आणि त्यात वाचायचं काय?

पान देखणं झालं. बोळाचं नाव, समोर वेळ. लोकांनी कौतुक केलं, आणि त्या भरात इसूफभाई अक्काच्या पायरीवर जाऊन सांगून आला की आता तुमचा त्रास वाचला, मिस कॉल बंद, वेळ शेजारची सून वाचून दाखवेल. अक्का नुसतं बरं म्हणाली. त्या 'बरं'मध्ये त्याला आनंद ऐकू आला. अरे, बारा वर्षं बोलतोस त्या बाईशी, तिचं 'बरं' तुला कळू नये?

दोन वर्षं पान चाललं. मग यंदाच्या उन्हाळ्यात मोठी पाइपलाइन फुटली. सहावा दिवस गेला, सातवा गेला, पाण्याचा पत्ता नाही. लोक दर पाच मिनिटांनी पान उघडायला लागले, पाव्हण्यांनाही उघडायला लावायला लागले. सातव्या दिवशी संध्याकाळी पानाच्या जागी इंग्रजीत एकच ओळ आली, खातं बंद केलं आहे. हुस्नानं कंपनीला फोन लावला. तिथला माणूस गोड बोलला. अनलिमिटेड म्हणजे साधारण वापराला, एकदम इतकी माणसं या स्वस्त योजनेत बसत नाहीत, मोठी योजना घ्या, दोन दिवसांत सुरू होईल. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! कुणी बघत नव्हतं तोवर अमर्याद, आणि खरी गरज पडली त्या दिवशी दार लावून घेतलं.

आठव्या दिवशी सकाळी आठला धुळाचा फोन आला: नऊला पाणी, जेमतेम तासभर. आता हे सांगायचं कसं? इसूफभाईकडे नंबर कुणाचेच नव्हते, त्याला कधी लागलेच नव्हते. त्यानं अक्काला फोन लावला. सेवा बंद. मग सहासष्टाव्या वर्षी त्यानं सायकल काढली आणि पहिल्या बोळापासून ओरडत सुटला. चौथ्या बोळात घसा बसला. पुढं तो कड्या वाजवत गेला. शेवटच्या बोळात पोचला तेव्हा नळ नुसती हवा सोडत होते. अक्का पायरीवर बसली होती, शेजारी दोन कोरड्या घागरी.

फोन का लागत नाही, असं त्यानं बसक्या आवाजात विचारलं.

"कसा लागंल?" अक्का म्हणाली. "तुमीच म्हनला मिस कॉल बंद. मग रिचार्ज कुनासाठी मारू?"

कंपनीला शिव्या देणं सोपं होतं, त्या इसूफभाईनं आदल्या रात्रीच पोटभर देऊन घेतल्या होत्या. पण अक्काचा फोन काही कंपनीनं बंद केला नव्हता. तो त्यानंच केला होता. त्याला फार वाईट वाटलं. दोन्ही घागरी त्यानं पहिल्या बोळात, जिथं पाणी भरून झालं होतं, तिथल्या एका घरातून भरून आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी तो नवं सिमकार्ड घेऊन आला. म्हणाला, अक्का, पहिल्यासारखं सुरू करू. तिनं हात पुसले, फोन मांडीवर घेतला. पहिला नंबर लागला, दुसरा लागला, सातवाही लागला. आठव्याला अंगठा मध्येच थांबला. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली, डावीकडून खाली, मग मधलं. परत तिथंच थांबली.

"बोटं इसरली, भाऊ," ती म्हणाली. "रोज करत हुते तवर हुतं."

आता पाण्याच्या दिवशी अक्का सात घरांना रिंग देते. मोठी योजना इसूफभाईनं घेतली नाही; उरलेल्या बारा घरांना, नंबर मागून न घेता, तो स्वतः सायकलवर जातो. गुडघे दुखतात, सगळीकडे वेळेत पोचणं होत नाही. शेवटी तो पायरीवर येऊन बसला की अक्का विचारते, समद्यास्नी कळलं का. तो व्हय म्हणतो. बऱ्याचदा ते खोटं असतं.