इनासियाची सही

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. बोटीवरची नोकरी सोडून बाप्तिस्त मालवणला घरी आला, तेव्हा लोकांना वाटलं, आता म्हातारा ओसरीवर पाय पसरून बसेल. कसलं काय! पायाला भिंगरी. विहिरीपाशी जा, कुंपणापाशी जा, परत घरात ये. घोर एकच होता. आपण गेल्यावर इनासिया कुठे राहणार? मुलगा फॉस्टिन काही वाईट नव्हता, पण मुंबईहून आला की आईला तिकडे न्यायच्या गोष्टी करायचा, "आवशीक मी मुंबैक व्हरतलंय. घर इकून टाकूया."

बाप्तिस्तची आई नवरा वारल्यावर पत्र्याची पेटी घेऊन मुलांच्या घरी पाळीपाळीने राहिली आणि शेवटपर्यंत पाहुणीच राहिली. बायकोवर ती पाळी यायला नको म्हणून त्याने मृत्युपत्र केलं. घर, आवार, माड, सगळं इनासियाच्या नावे.

साक्षीदार दोन हवे होते. एक शेजारचा महादू. दुसरा कोण? लग्नात चर्चच्या वहीत इनासियाने अंगठा उठवला होता आणि चार माणसं हसली होती. ते हसणं बाप्तिस्तला अजून बोचत होतं. पुढे त्याने स्वतः तिला नाव लिहायला शिकवलं. पण बिचारीवर खऱ्या कागदावर सही करायची वेळच कधी आली नव्हती.

"कर गो सही," तो म्हणाला. जीभ दातांत धरून तिने नाव लिहिलं. बाप्तिस्तची छाती फुगली.

मोठ्या दिमाखात त्याने तो कागद वकिलांना नेऊन दाखवला. वकिलांनी वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, तुमच्या ख्रिस्ती कायद्यात साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं. पत्नीने साक्ष घातली, म्हणजे घर तिला मिळत नाही. वाटणी होईल, आणि मोठा वाटा मुलाचा."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! म्हण हिंदूंची, पण बसली बाप्तिस्तला. भर उन्हात तो धापा टाकत घरी आला. नवा कागद झाला. महादू आणि सत्यवान मास्तर साक्षीला बसले. इनासियाला त्याने स्वयंपाकघरातच थांबायला सांगितलं.

माणसं गेल्यावर तिने विचारलं, "माझी सही वायट होती?"

त्याने सगळं सांगितलं. "आता जुनो कागद जाळूक होयो," म्हणाला. पण चुलीपाशी उभा राहूनही त्याचा हात काही पुढे होईना. आयुष्यातली तिची ती एकुलती एक सही.

इनासियाने कागद त्याच्या हातून घेतला. आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि कागद पेजेच्या मडक्याखाली जाळात सारला.

"सही माका परत करूक येतली," ती म्हणाली. "घर परत येवचा नाय."

बाप्तिस्त तिथेच पाटावर बसला. उठला तो पेज जेवूनच.