व्हेनिसला कोणत्या तिथीला जावं

मला याद्या करायची खोड आहे. परळच्या आमच्या घरात फ्रिजवर कायम एखादी यादी चिकटवलेली असते आणि ती वाचून नवरा आणि मुलगी हसतात. त्यामुळे आईला व्हेनिसला न्यायचं ठरल्यावर मी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. दोन दिवसांचा मुक्काम आणि त्याला चार पानांचा तक्ता. किती वाजता निघायचं, चहा कुठे, बसायला बाकडं कुठे. आईचे गुडघे गेलेत, म्हणून वाटेतल्या पुलांच्या पायऱ्यासुद्धा मी फोटो बघून बघून मोजल्या होत्या.

व्हेनिस हे माझं खूळ नव्हे, आईचं. माहीमच्या कोळीवाड्यातून येऊन तिने जन्मभर दादरच्या बाजारात मासळी विकली. मी तिसरीत असताना रद्दीतल्या मासिकात तिला एक रंगीत पान सापडलं. त्यावर घरं, घरांमधून वाहणारं पाणी आणि एका दाराशी बांधलेली होडी होती. त्या पानात तिने बांगडे बांधले नाहीत. घरी आणून मला खालची ओळ वाचायला लावली.

"व्हेनिस," मी वाचलं.

"दारात होडी!" ती म्हणाली. "मासळी थेट चुलीपाशी. नशीबवान गो बाया तिकडच्या."

ते पान अजून तिच्या नथीच्या डबीत आहे. घड्यांवर विरलंय, पण आहे.

दिवाळीनंतर तिचा पासपोर्ट आला आणि मी जानेवारीतल्या तारखा काढून, तक्ता घेऊन माहीमला गेले. आईने तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती उठली आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आली.

"ह्या दिवशी अवस हाय. उधाण असंल. पाणी रस्त्यावर येईल. तारीख बदल."

"आई, ते इटलीत आहे. तिकडे आपली तिथी कशी चालेल?"

"चांद दुसरा हाय काय तिकडं?"

आमच्या घरात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर तीन. अवस-पुनवेला पाणी सगळ्यात जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास बेताने चढतं, तो भांग. हे सगळं मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं, आणि तरी मी शहाणी अमावास्येची तिकिटं बघत होते. घरी येऊन शोधलं तर काय, हिवाळ्यात अवस-पुनवेच्या सुमाराला तिथल्या चौकात कधी कधी खरंच पाणी भरतं आणि लोक फळ्या टाकून चालतात. मी मुकाट्याने तारीख अष्टमीवर नेली.

पुढच्या रविवारी मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं, "विमानतळावरून थेट होडी आहे. हॉटेलच्या दारात उतरायचं, एकही पूल चढायचा नाही. आणि तुला काय, होडीची सवयच!"

आई कोलंबी सोलत होती. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "तू जाऊन ये. मला फोटू दाखव."

त्यानंतर रोज नवी सबब. गुडघे. थंडी. बाबांना जेवायला कोण घालणार. बाबा ही माझ्यापुढची अडचण नव्हतीच, त्यांना उत्तम आमटी करता येते. तिसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला.

"यायचंच नव्हतं तर ते पान एवढी वर्षं कशाला जपलंस?" मी ओरडले. ओरडल्यावर लगेच वाईट वाटलं, पण शब्द निघून गेला होता.

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मी होडीत कदी बसलेच नाय गो."

मला आधी खोटंच वाटलं. बाबांची स्वतःची होडी होती. मी आठवू लागले. नारळी पुनवेला गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीला हळद-कुंकू लावणारी आई. रिकामी पाटी घेऊन किनाऱ्यावर बाबांची वाट बघणारी आई. होडीच्या आत ती मला एकदाही आठवली नाही. बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, असा आमच्या आजीचा दंडक होता. आजी गेली, बाबांनी होडी विकली, दंडक मात्र कुणी मोडला नाही.

"आता ह्या वयात परक्या मुलखात भ्याले तर?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील? कोळीण, आणि पाण्याला भिते."

मला माझीच लाज वाटली. तिच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या मोजल्या, पण तिला साधं काही विचारलं नव्हतं.

बाबा कॉटवर टीव्ही बघत बसले होते. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यांनी आवाज बारीक केला.

"दशमीला साडेसातला भरती. सकाळी तयार राहा."

"कोण?" आईने विचारलं.

"तू. दुसरं कोण?"

"आणि सासूबाई?"

"तिला मी सांगतो," भिंतीवरच्या फोटोकडे बघत बाबा म्हणाले.

दशमीला त्यांनी पुतण्याची लहान होडी मागून आणली. फळीवर घरातली गोधडी चौघडी करून घातली होती. आईने सवयीने आधी होडीला हळद-कुंकू लावलं आणि तशीच उभी राहिली. बाबा गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे होते, मी आधीच आत जाऊन बसले होते. तिने पाय उचलला, मागे घेतला, पुन्हा उचलला. बसली ती माझं मनगट आवळून, डोळे गच्च मिटून. माझ्या हातावर तिच्या बोटांचे वळ उठले.

थोडं आत गेल्यावर बाबांनी वल्हं थांबवलं. पाणी अगदी शांत होतं. आईने हळूच डोळे उघडले आणि मागे वळून किनाऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"अवो, मी तितं उभी असायचे. हितून दिसायचे काय?"

"नुसती पाटी दिसायची," बाबा म्हणाले. "ती दिसली की बरं वाटायचं."

"एवढ्या वर्षांत सांगितलं नाय कदी."

"तू होडीत कदी भेटली नाय."

आई हसली आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. मी दुसरीकडे बघू लागले, कारण माझंही तेच झालं होतं.

घरी येऊन चहा झाला. आईने कॅलेंडर पुढ्यात ओढलं. "ह्यांचा पासपोर्ट किती दिवसांत होईल?"

"बाबांचा? दोनेक महिने धर."

तिने पानं उलटली. होळीच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तिथून पुढे सरकवत नेलं. "होळी झाली की ही अष्टमी. भांग हाय. ही धर."

मी निमूटपणे तक्ता काढला आणि दोनाच्या जागी तीन माणसं लिहिली.

"माझं काय काम तिकडं?" कॉटवरून बाबा पुटपुटले.

"काम हाय," आई म्हणाली. "होडीत पुढं मी बसणार. तुम्ही मागं बसायचं आणि मी दिसते काय ते बघायचं."