कौलावरून घसरलेला दात

नागपूरहून निघताना भाचीसाठी संत्राबर्फी घेतली. ऑपरेशनआधी तिला खाता येणार नाही आणि नंतर चावता येणार नाही, हे गाडी सुटल्यावर सुचलं. माझं हे असंच.

कोल्हापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायाचं, पावणं?" भाचीचा समोरचा दात हिरडीत अडकलाय म्हटल्यावर तो हळहळला आणि पेशंट मीच असल्यासारखी रिक्षा जपून चालवली.

बहीण, तिच्या सासूबाई आणि नऊ वर्षांची समीक्षा कुरुंदवाडहून आधीच दवाखान्यात आल्या होत्या. दुधाचा दात पडून दोन वर्षं झाली, नवा आलाच नव्हता. "रोज ऊस चावायला दिला की," सासूबाई म्हणाल्या. "वाटलं, हिरडी फुटून येईल." मला राग आला, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. हिरडीत एक जादा दात वाट अडवून बसला होता. खरा दात फारच वाकडा निघाला तर तोही काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

समीक्षा तोंडावर हात ठेवूनच बोलते. आत नेण्याआधी तिनं मला बाजूला ओढलं. पडलेला दात कौलावर टाकून उंदराकडे नवा मागायचा, ही रीत इथंही आहे.

"आमच्या घरावर स्लॅब हाय. आजीनं शेजारच्या कौलावर टाकला, तो घसरून खाली आला. मी लपवून ठेवला. उंदराला मिळालाच न्हाय, मावशी."

दोन वर्षं ही पोर स्वतःला दोष देत होती. तुझी चूक नाही म्हणाले, तिला पटलं नाही.

आमचे चहा तसेच निवले. शेवटी डॉक्टर बाहेर आले. जादा दात काढला होता आणि खरा वाचला होता. त्याला बारीक साखळी चिकटवली होती. तारेच्या आधारानं तो काही महिन्यांत हळूहळू खाली ओढायचा. मी सगळ्यांसमोर रडले.

काढलेला दात त्यांनी छोट्या बाटलीत घालून दिला. कुरुंदवाडला पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ह्यो तरी नीट टाकू कौलावर."

"नको," समीक्षा सुजलेल्या ओठांनी म्हणाली. "उंदीर परत असलाच देईल." मग कंपासपेटीतून तिनं जपून ठेवलेला दुधाचा दात काढला. "आता चालंल?"

"चालेल की," मी म्हणाले.

खुर्चीवर उभं राहून तिनं तो शेजारच्या कौलावर टाकला. आम्ही चौघी वर बघत राहिलो.

दात साखळीच ओढणार, हे मला कळतं. तरी परतीच्या गाडीत डोळ्यांसमोर ते कौलच होतं. या वेळी दात घसरला नाही, आणि वर बघताना समीक्षाचा हात तोंडावर नव्हता.