पी आणि टी

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. माझ्या त्या विद्यार्थिनीबद्दल कोणी विचारलंच तर "तिला जमलं नाही, सोडून गेली" एवढं म्हणायचो. विभागात आजही तेच सांगतात, कारण ते पसरवणारा मीच. ती सोडून गेली नव्हती. मी तिला घालवलं.

मी जबलपूरच्या विद्यापीठात, गणित विभागात, संच सिद्धांत शिकवायचो. ती माझ्याकडे पीएच.डी. करत होती; घर चेरीतालला, वडील आयुध कारखान्यात फिटर. आमचा विषय अनंतांच्या आकारांचा. एक, दोन, तीन या मोजणीचं अनंत सर्वांत लहान. रेषेवरच्या बिंदूंचं त्याहून मोठं. त्या दोघांच्या मधल्या टप्प्यात काही अनंतं येतात, त्यांना नुसती अक्षरं दिलेली आहेत. त्यांतली दोन म्हणजे पी आणि टी. टी ही एका मनोऱ्याची कमीत कमी उंची. अनंत संच एकाखाली एक रचायचे, खालचा प्रत्येक वरच्यात जवळजवळ मावणारा, मोजके घटक बाहेर राहिले तरी चालतात. आणि तरीही त्या सगळ्यांत तसाच जवळजवळ मावेल असा एकही अनंत संच सापडू नये. पी मोजताना संचांची अशी उतरंड असावी लागत नाही, अट सैल असते. म्हणून पी टीपेक्षा मोठं नाही, हे उघड. ते लहान आहे की तेवढंच, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी मात्र ते वेगळे असणार असं एका लेखात छापून बसलो होतो. ते वेगळे पडतील असं गणिती विश्व, म्हणजे संचांचे सगळे नियम पाळणारं एक कल्पित जग, बांधायचं काम मी तिला दिलं. बरीच खटपट करून एका चर्चासत्रात ती म्हणाली, "सर, मला वाटून राहिलं, ते एकच आहेत."

"काहून?"

"पीला खाली ओढलं की टी पण सोबत येते. दर वेळी. ही अडचण नसेल सर, हेच उत्तर असेल."

"अच्छा! म्हणजे दोघांचं लग्न लावून द्यायला निघालीस? आधी स्वतःचं तर जमव."

सगळे हसले. ती फळा पुसत राहिली, आधीच पुसलेल्या जागी.

तिची शिष्यवृत्ती दर वर्षी माझ्या सहीवर पुढे चालायची. हा हट्ट सोड, नाहीतर सही नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं सोडला नाही. तिचे वडील विजय नगरला माझ्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले. "सरजी, एक साल और दे दो. घरी पण हेच करून राहते ती." गणित हट्टानं होत नसतं, असं मी त्यांना ऐकवलं. चहासुद्धा विचारला नाही. शिष्यवृत्ती थांबली, मग नाव कमी झालं. ती एका कोचिंगमध्ये अकरावी-बारावीला शिकवू लागली.

पुढे बाहेरदेशी सिद्धता निघाली. पी आणि टी सारखेच. मला ती पूर्ण कळलीही नाही. शेवटचं वाक्य तेवढं कळलं. तिच्या घरी जायची हिंमत झाली नाही.

मग एका दुपारी औषधांच्या दुकानात तीच भेटली. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया गेलेल्या.

"नमस्कार सर. बघितलं ना? लागलं त्यांचं लग्न."

आणि मी काय म्हणालो? "हो, पण तुझ्या रस्त्यानं नाही लागलं."

"माझा रस्ता पाहू कुठे दिला तुम्ही," ती हसून म्हणाली. औषधांची पिशवी उचलली. "चलो सर, येते."

पुढच्या उन्हाळ्यात मी चेरीतालला गेलो. दार तिच्या वडिलांनी उघडलं. त्यांच्या मागे भिंतीवर तिचा फोटो होता, हार घातलेला. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "बसा सरजी, चहा घ्या."

मी चहा घेतला. ऊन फार आहे, असं काहीतरी बोललो आणि उठलो. वाटेत घोकून नेलेलं वाक्य तसंच परत आणलं: तू बरोबर होतीस; आणि नसतीस तरीही मी सही करायला हवी होती. मला माफ कर.