बुधूचे दोन थेंब

बोरकुटेंचं बुधू पेंदोरकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते मालकाच्या ओरडण्यामुळे. चंद्रपूरच्या त्या बारमध्ये बुधू वेटर होता. बोरकुटेंपुढे ग्लास ठेवण्याआधी त्यानं त्यातले दोन थेंब जमिनीवर सांडले होते.

“गिऱ्हाइकाची दारू काऊन सांडवून राह्यला बे?”

“पूर्वजाईले देल्याबिगर कोणी पेते का?” बुधू शांतपणे म्हणाला.

गोंडांची ही रीत बोरकुटेंना आवडली. पुढं दर शनिवारी ते तिथंच जेवत, आणि त्यांच्या ग्लासातले थेंब बुधूच सांडत असे.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे अहेरीला राहायला गेले. डॉक्टरांनी दारू सोडायला लावली. यंदा चंद्रपूरला काम निघालं, तेव्हा दुपारी पाय आपोआप तिकडे वळले. पण दारातच ते घुटमळले. न पिणाऱ्या माणसाला इथं आता कोण विचारणार?

बुधूनं लांबूनच ओळखलं. “या भाऊ! अहेरीनं लय वाळवलं तुमाले. नेहमीचंच आणू?”

“नाई रे, सोडली. नुसतं जेवतो.”

बुधू आत गेला. बोरकुटे ओशाळून बसून राहिले. तो परतला तो मठ्ठ्याचा ग्लास घेऊन, आणि वाकून त्यानं दोन थेंब जमिनीवर सांडले.

“मठ्ठा चालते का त्याईले?”

“चालवून घेतेत, भाऊ. मीबी सोडली ना. माह्या घरचे पूर्वज तर कवाचेच मठ्ठ्यावर हायेत.”

बोरकुटे खळखळून हसले आणि त्यांनी भाकरी मागवली.

बुधू आता फक्त दुपारच्या पाळीला येतो. संध्याकाळी तो नातीला शिकवणीहून घरी नेतो.