विनोदिनीबाईंचा हिरवा झेंडा

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या विनोदिनीबाई सकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. रेडिओ बोलू लागला की शिलाई मशीन थांबतं. कुणाचं झंपर असो की कुणाचा फ्रॉक, आधी जगाची खबर.

हे सुरू झालं राज्य नवीन झालं त्या वर्षी. रायपूर राजधानी झालं आणि एका शाळेच्या समारंभासाठी देशोदेशीचे झेंडे हवे होते. बाईंनी ते घरातल्या जुन्या नकाशाच्या पुस्तकावरून शिवले, फार जीव लावून शिवले. पाहुणे आलेले प्राध्यापक पूर्व जर्मनीच्या झेंड्याखाली थांबले आणि म्हणाले, "बाई, हा देश जाऊन दहा वर्षं झाली." मंडप हसला. बाईही हसल्या. घरी येऊन नवऱ्याला मात्र म्हणाल्या, "अहो, मले एक रेडिओ आणून द्या."

तेव्हापासून कुठे फौज रस्त्यावर आली, कुठे तह झाला, सारं बाईंच्या मशीनपाशी येऊन बसू लागलं. मेलेल्यांचा आकडा ऐकला की त्या घटकाभर सुई खाली ठेवत. आणि दूर कुठे नवा देश जन्मला, की पंडरीच्या कापडबाजारात जाऊन त्याच्या रंगाचं कापड आणत, बाळंतिणीच्या घरी दुपटं न्यावं तशा हौसेनं.

दोन हजार अकरा सालच्या डिसेंबरात रायपुरात पाण्याच्या प्रश्नावर परिषद भरायची होती. बारा देशांचे पाहुणे येणार होते. अभिनव नावाचा तरुण बाबू टेबलावरच्या झेंड्यांची यादी घेऊन आला. लिबियापुढे नुसता हिरवा रंग होता.

"भैया, हा गेला," बाई म्हणाल्या. "तिथलं सरकार पडलं. आता लाल, काळा, हिरवा आहे. मधात चंद्र अन् तारा."

"काकी, लिस्ट में जो है वही बनाइए. साहब ने साइन किया है."

"साहेबाच्या सहीनं पडलेलं सरकार उभं राहते का?"

"कुछ बदला तो अगली बार काम नहीं मिलेगा."

बाबू गेला. बाईंनी यादी मशीनवर ठेवली. झेंडे शिवणारी म्हणून गावात मिळालेलं नाव त्यांना प्यारं होतं. पण ज्या झेंड्याखाली कुणाची माणसं मारली गेली, तो त्याच्याच पुढ्यात कसा ठेवायचा?

रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले बाईंचे यजमान श्यामराव ओट्यावरून म्हणाले, "काहून एवढा विचार करून राहिली? हिरवा तर माझाच झेंडा हाये. तीस वर्षं तोच दाखवून गाड्या सोडल्या."

"तुम्ही गाड्या सोडल्या. मले माणूस बसवायचा हाये."

शेवटी बाईंनी दोन्ही शिवले. हिरव्याला फक्त चारी कडा दुमडायच्या होत्या. ताऱ्याला मात्र अख्खी दुपार गेली.

परिषदेच्या दिवशी पितळी दांड्यांवर झेंडे चढवायला बाई स्वतः गेल्या. यादीप्रमाणे हिरवा चढवला. दुसरा पिशवीत राहिला.

लिबियाचे पाहुणे आले. पिकल्या दाढीचे इंजिनियर होते. त्यांनी झेंडा पाहिला. हलक्या हातानं तो टेबलावर आडवा ठेवला आणि उभेच राहिले. अभिनव घामाघूम होऊन भिंतीपाशी उभ्या बाईंकडे धावला.

"काकी, वो दूसरा वाला... बनाया था क्या?"

"कोणता? लिस्टमधला?"

"काकी, प्लीज."

बाईंनी पिशवीतून घडी काढली. नवा झेंडा दांडीवर चढवून स्वतः नेऊन ठेवला. पाहुण्यांनी ताऱ्याच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, बाईंकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून मान लववली. मग खुर्ची ओढून बसले. बाईंनीही तसाच छातीवर हात ठेवला.

पुढच्या परिषदेची यादी अभिनवनं आधी बाईंकडे आणली. "काकी, पहले आप देख लो," म्हणाला, "साइन बाद में कराऊंगा."

हिरवा झेंडा परत आला तो श्यामरावांकडे गेला. आता बाई झेंड्यांची पिशवी घेऊन ऑटोत बसल्या, की ते ओट्यावर ताठ उभे राहतात, गल्लीची दोन्ही टोकं नीट पाहतात आणि हिरवा झेंडा हलवतात. तोवर ऑटोवालाही गाडी हलवत नाही.