नसीमआपा आणि मागे राहिलेले मासे

दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या दाराबाहेर कार्गोची खोकी दिसली की बाकीचे विचारायचे, नोकरी गेली का, व्हिसा कधी कॅन्सल होतोय. समोरच्या फ्लॅटमधली नसीमआपा विचारायची, "माशांचं काय करणार?"

लोकांना ते चमत्कारिक वाटे. २००८ची मंदी आली होती, माणसं चंबूगबाळं आवरून परतत होती आणि या बाईला पोरांच्या काचेच्या पेटीतल्या गोल्डफिशची पडली होती. मलाही आधी हसू आलं.

आपा मूळची रत्नागिरीची, माशांवर डॉक्टरेट केलेली, एकटी राहणारी. डोंगरातल्या एका वादीवर, म्हणजे पावसापुरत्या वाहणाऱ्या नदीवर, धरण झालं होतं. खाली दोन-चार डबकी उरली होती आणि त्यांत बोटाएवढे मासे, त्या डोंगरांबाहेर कुठेच न मिळणारे. धरणातून थोडं थोडं पाणी सोडायला लावायचं, डबक्यांतला गाळ काढायचा, काठाची झाडं जपायची, ही तिची नोकरी. त्यात स्वभाव काळजीचा. जेवताना मध्येच हात थांबायचा. "ऊन फार आहे गो आज. पाणी सोडलं असेल ना त्यांनी?" मी समजूत घातली की म्हणायची, "आपल्याला परत जायला गाव आहे. त्यांना तेवढंच डबकं."

आमच्याच मजल्यावरच्या सान्यांनी देश सोडण्याआधी धरणाखाली पिकनिक केली आणि मुलीचे मासे तिथेच सोडले. "फ्री केलं बिचाऱ्यांना," सानेवहिनींनी कौतुकाने सांगितलं. आपाचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेरचे मासे तिथल्यांची अंडी खातात, रोग आणतात. दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालून ती तिथे गेली आणि दिवसभर जाळं घेऊन उन्हात उभी राहिली. सोडलेले सगळे सापडले, पण रोग मागे राहिला असेल का, या धास्तीने तिची झोप उडाली ती उडालीच.

तेव्हापासून ती निघणाऱ्या प्रत्येकाच्या दारात जाऊन मासे मागून आणू लागली. मुलंही विश्वासाने देत. तिचा हॉल पेट्यांनी भरला.

मग तिचीच नोकरी गेली. महिन्याभरात निघायचं होतं. आपा घरोघर फिरली, पण जो तो स्वतःच निघायच्या तयारीत. दुकानदाराने हात वर केले, "खलास मॅडम, हमारा ही नहीं बिकता." आम्ही एक पेटी घेतली. आमचाही पगार अर्ध्यावर आला होता, लहान घरात जायचं होतं. बाकीचे मासे तसेच राहिले.

निघायच्या आदल्या दुपारी तिने मला बोलावलं. समोर बादल्या, हातात लवंगेच्या तेलाची बाटली. त्या तेलाने मासे गुंगीत जातात, आणि जास्त घातलं की उठत नाहीत. "नुसती बस माझ्याजवळ," ती म्हणाली. मी पुटपुटले, एवढेसे मासे कुठे सोडले तर कुणाला कळणार आहे?

"सगळ्यांना एवढेसेच वाटतात," म्हणत तिने बाटलीचं झाकण काढलं.

संध्याकाळी माझी मिहिका तिच्याकडे डोकावली. रिकाम्या पेट्या पाहून तिने विचारलं, "आपा, डिड यू सेट देम फ्री?"

मी घाईने हो म्हणणार, तेवढ्यात आपा म्हणाली, "नाही बाळा. मारले मी."

मिहिका पाठ फिरवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी निरोपालाही बाहेर आली नाही. मला फार वाईट वाटलं. लिफ्टपाशी मी म्हटलं, पोरीला खोटं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

"रागावू दे गो," आपा म्हणाली. "हो म्हटलं असतं, तर उद्या तुम्ही निघालात की तुमची पेटी घेऊन हीच धरणावर गेली असती."